पायांवर मतदान नाही

गजभिये सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "पाय देऊ नका बाप्पा, कार्यकारी मंडळ पुसलं जाईल."

महामारीचा पहिला वसंत होता. कापेल आन डेन आयसेलमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक लांबलचक उघडी गॅलरी आहे. एका बाजूला ओळीनं दारं आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याच्यापलीकडे आयसेल नदी. रॉटरडॅम एवढं जवळ, पण त्या दिवसांत तिकडून येणारा आवाजच बंद झाला होता. आकाशात विमान नाही, खाली गाडी नाही. सकाळी नदीवरून धुकं वर यायचं आणि गॅलरीत रेंगाळत बसायचं. आपण जागे आहोत ना, याची खात्री करायला मी उगाच दार उघडून बाहेर बघत असे. अशाच एका सकाळी केराची पिशवी घेऊन निघाले, तर माझ्या दारासमोर गुलाबी, निळ्या आणि पिवळ्या खडूनं काढलेली तीन मोठी वर्तुळं, त्यांत लिहिलेलं कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. प्रत्येकातून दुसऱ्या दोघांकडे बाण. आणि पलीकडे उकिडवे बसलेले एक वृद्ध गृहस्थ. डोक्याला माकडटोपी, स्वेटरवर जाकीट, मोज्यांवर अंगठ्याची चप्पल.

उचललेला पाय मी तसाच मागे घेतला. "हे काय आहे?" मी विचारलं.

"अमेरिका," ते म्हणाले, आणि खडूची बोटं स्वेटरला पुसली.

शेजारच्या उज्ज्वलाचे हे वडील. नागपूरच्या एका कॉलेजात जन्मभर राज्यशास्त्र शिकवलेलं, त्यातही अमेरिकेच्या राज्यघटनेचा पेपर त्यांचा खास. मात्र अमेरिका कधी पाहिलेली नाही. लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून हिवाळ्यात आले आणि विमानं बंद पडली. शिकवायला वर्ग नाही, ऐकायला पोरं नाहीत. म्हातारा माणूस गप्प तरी किती बसणार? इकडची मुलं फुटपाथवर चित्रं काढायला जाड रंगीत खडू वापरतात, त्याचा डबा त्यांनी नातीच्या कपाटातून शोधून काढला आणि सरळ गॅलरीत फळा मांडला.

पाऊस आला की अमेरिका वाहून जायची. इथे पाऊस रोजच येतो. मला वाईट वाटायचं, त्यांना नाही. "बरं झालं," ते म्हणायचे. "एकदा लिहून ठेवलं की माणसाला वाटते, आता राखायची गरज नाही. रोज पुसलं की रोज लिहावं लागते." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकिडवे बसायचे. मी पुण्याची. दुसऱ्यानं शिकवलेलं ऐकून घेणं आमच्या रक्तात नाही. तरीही ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहू लागले. दीड मीटर अंतर ठेवून, नेमून दिल्यासारखी.

बोलताना ते डोळे मिटायचे. पहिल्यांदा मला वाटलं, झोप लागली. मग लक्षात आलं, ते तिथे गेलेले आहेत. ती तेरा राज्यं त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर मांडलेली असायची. नुकतीच राजाच्या तावडीतून सुटलेली, एकमेकांवर रुसलेली, कोणी कोणाला दमडी देत नाही अशी. "संयुक्त कुटुंब समज," ते म्हणायचे. "नाव एक, चुली तेरा. आणि घरात कर्ता कोणी नाही, कारण कर्त्याचा छळ आत्ताच भोगलेला. आता कर्ता तर पाह्यजे, पण तो राजा नको. हे कसं जमवाचं? साऱ्या कथेत एवढाच प्रश्न आहे, पोरी."

त्यांचं उत्तर चहात होतं. उज्ज्वलाच्या घरी सरांनी येताच एक रीत घालून दिली होती. चहा करणाऱ्यानं तो ओतायचा नाही, आणि ओतणाऱ्यानं पहिला कप उचलायचा नाही. जावई नितीन वैतागायचा. "बाबा, चहा आहे, पार्लमेंट नाही." सर शांतपणे म्हणायचे, "तू चांगला आहेस रे. पण व्यवस्था चांगल्या माणसासाठी कोणी करते काय?" एकदा मी गॅलरीतून पाहिलं, सर घरात एकटेच होते. चहा केला, गाळणं धरून क्षणभर थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि मला खिडकीतून हाक मारली, "या बाप्पा, ओतून द्या." मी मास्क लावून गेले आणि ओतून दिला.

हसण्यावारी नेण्यासारखी अशी माणसं असतात. पण त्या वसंतात उज्ज्वलाच्या घरात हसण्यासारखं फार काही नव्हतं. दार लावता येईल अशी खोली एकच. त्यात उज्ज्वलाचं ऑफिस, नितीनचं ऑफिस आणि तेरा वर्षांच्या मैत्रेयीची शाळा, सगळं एकाच वेळी. भिंतीपलीकडून मला आवाज यायचे. आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि मैत्रेयी रडली की डचमध्ये. एका दुपारी कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की माझ्याकडची भांडी वाजली. संध्याकाळी सरांचा निरोप आला. घटना सभा भरवली आहे, बाहेरची साक्षीदार म्हणून यावं.

तेव्हा घरी मोजक्याच पाहुण्यांना परवानगी होती, तो मान मला मिळाला. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. समोर भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, जो या घरात असतोच. सरांनी त्याच्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "आपल्या घटनेला आजोळं बरीच आहेत. त्यातलं एक यांनी तरुणपणी तिकडं राहून पाह्यलं होतं. चला, सुरू करू."

नियम सगळ्यांनी मिळून करायचे. अंमल एकानं करायचा, दर महिन्याला दुसऱ्यानं. आणि वाद झाला तर निकाल मैत्रेयीनं द्यायचा. निकाल देणारीला नियम करताना मत नाही.

"ती लहान आहे, बाबा," उज्ज्वला म्हणाली.

"म्हणूनच. तिच्याजवळ पैसा नाही, दंडात ताकद नाही. न्यायाधीशाजवळ शब्दाशिवाय काही असू नये."

सगळं लिहून झालं. नितीन कागद फ्रिजवर लावायला उठला, तेव्हा मैत्रेयी म्हणाली, "आबा, वेट. उद्या तुम्ही तिघांनी व्होट केलं की मी केस कापायचे नाहीत, तर?"

सरांनी डोळे उघडले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "पाह्य! तिथंही असंच झालं होतं. घटना लिहून बसले आणि लोकांनी अडवून धरलं, आमचे हक्क कुठं आहेत? मग जोडले मागून. सांगा, प्रत्येकानं एक गोष्ट सांगा, जिच्यावर बाकीच्यांनी कधी मत घ्यायचं नाही."

मैत्रेयीनं केस सांगितले. नितीननं रविवारची सकाळ मागितली. उज्ज्वला म्हणाली, "रोज एक तास दार बंद. आत मी काय करते हे कोणी विचारायचं नाही." नितीननं तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. शेवटी सर. त्यांनी डोळे मिटले.

"मी माझ्या पायानं आलो," ते म्हणाले. "माझ्या पायानं जाईन. त्यावर मत नको."

सगळे हसले. विमान नाही, व्हिसाची मुदत वाढवून घेतलेली, म्हातारा जाणार कुठे? मैत्रेयीनं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. सरांनी तिला कागदाच्या तळाशी कोरी जागा सोडायला लावली. "दुरुस्तीसाठी," म्हणाले. "आपण शहाणे आहोत, पण उद्या आपल्याहून शहाणं कोणी येईल."

आश्चर्य म्हणजे ते चाललं. भांडणं थांबली असं नाही, पण भिंतीपलीकडचं रडणं थांबलं. मैत्रेयी निकाल द्यायची फ्रिजला पाठ टेकून, हाताची घडी घालून. एकदा तिनं आईविरुद्ध निकाल दिला आणि उज्ज्वलानं तो पाळला. दुसऱ्या दिवशी मुलीची मान उंच झालेली मी स्वतः पाहिली.

उन्हाळ्यात जरा मोकळीक मिळाली, तेव्हा सरांना हेग पाहायचं होतं. तिथे बरंच बंद होतं, म्हणून मी त्यांना आणि मैत्रेयीला हेगला लागूनच असलेल्या लायडस्खेनडाम-फोरबर्गला कालव्याच्या काठी नेलं. बाकावर बसून आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. पाणी इतकं संथ होतं की हंस जागच्या जागी थांबल्यासारखे वाटत होते. सर नातीला सांगत होते, या लोकांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षं आधी स्वतःच्या राजाला सांगितलं होतं की प्रजेला छळणारा राजा सोडून देता येतो. मग इथेही प्रांतांची मोट बांधली. पण हरेक गोष्टीला प्रत्येक प्रांताची संमती पाहिजे, प्रत्येक प्रतिनिधी उठून घरी विचारायला जाणार. अमेरिकेच्या घटनाकारांनी हे वाचलं आणि ठरवलं, आपण असं करायचं नाही.

"वेट," मैत्रेयी म्हणाली. "म्हणजे वी वेअर द बॅड एग्झाम्पल?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. 'वी' म्हणजे डच. त्यांच्या नातीनं सहज म्हटलेला तो शब्द त्यांना लागला की आवडला, हे मला कळलं नाही. पाणी प्यायले आणि मग आवाज खाली आला.

"मला एक स्वप्न पडते," ते म्हणाले. "पुष्कळ वर्षांपासून. अमेरिकेची घटना लिहिली तो हॉल आहे. उन्हाळा, आपल्या नागपूरच्या मे महिन्यासारखा. बातमी फुटू नये म्हणून खिडक्या लावलेल्या. आत सारे मोठे लोक, सगळी माणसं समान आहेत असं मानणारे. आणि त्यातल्या कित्येकांच्या घरी माणसं विकत घेऊन ठेवलेली. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो. कोणी माझ्याकडं पाहत नाही. मी विचारतो, यात माझं नाव कुठं आहे? तर त्यातला सगळ्यात म्हातारा सभासद वळून पाहतो. ओशाळला असतो तो. म्हणतो, नाही लिहिलं. पण मागं जागा सोडली आहे."

"मग?" मैत्रेयीनं विचारलं.

"मग जाग येते."

तिनं त्यांच्या हातातला डबा घेतला आणि नीट बंद केला. घरी परतताना ती सरांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि सर डोळे उघडे ठेवून बाहेरचे कालवे बघत होते.

शरदात विमानं सुरू झाली. सर म्हणाले, मी जातो.

नागपूरला आजार भडकलेला. सरांच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले. उज्ज्वला बोलायला लागली ती थांबेना. सर ऐकत होते. म्हणाले, "इथं सारं चांगलं आहे. पण बाई, इथं मी पाहुणा आहे. तिथं माझं घर आहे, पोरं अभ्यासाला येतात, ओट्यावर बसतात. मला राहणारा होऊन जगायचं आहे." त्यांचा आवडता किस्सा मला आठवला. पहिल्या अध्यक्षाला लोक राजा करायला तयार होते आणि तो खुर्ची सोडून घरी शेतावर निघून गेला. "खुर्ची घेणारे लई पाह्यले," सर म्हणायचे, "घरी जाणारा दाखवा."

उज्ज्वलानं रीतसर सभा बोलावली. लस येईपर्यंत घरातल्या कोणीही प्रवास करायचा नाही, असा नियम मांडला. दोन विरुद्ध एक, मंजूर. हुशार बाई. नियम सगळ्यांना लागू, कोणाचं नाव नाही. सरांनी एकच वाक्य उच्चारलं, "हे माझ्या हक्कावर येते. मी न्यायाधीशाकडं जातो."

"ती तेरा वर्षांची आहे!" उज्ज्वला ओरडली. "मी तिची आई आहे. हे मी ठरवणार."

सरांचा चढलेला आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला. "उज्ज्वला! निकाल काय येईल याची भीती वाटली म्हणून न्यायाधीश बदलायचा नसते."

मैत्रेयी त्या संध्याकाळी माझ्या दारात आली. केस तिनं केव्हाच अगदी बारीक कापले होते, त्यामुळे कान थंडीनं लाल झालेले. "मावशी, मी यस म्हटलं आणि आबा मेला तर?" तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण दीड मीटर होतं. ते झुगारून मी तिला जवळ घेतलं.

मला सरांचा राग आला होता. गॅलरीत गाठून मी म्हटलं, "एवढ्याशा पोरीवर हे ओझं? उचला ते."

सर कठड्याला धरून नदीकडे बघत होते. "उचलावं तर मलाही वाटते. पण आज काढून घेतलं, तर तिला वाटेल आतापर्यंत आपण खेळ खेळून राहिलो होतो. म्हाताऱ्याचा खेळ." मग म्हणाले, "तिनं नाही म्हटलं तर मी राहीन. आनंदानं नाही राहणार. पण राहीन."

निकालाच्या दिवशी मी पुन्हा त्याच स्टुलावर. मैत्रेयी फ्रिजला पाठ टेकून उभी राहिली. हाताची घडी नव्हती. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. मराठीत बोलायचं तिनं ठरवलं होतं, हे लगेच लक्षात आलं, कारण प्रत्येक शब्द ती उचलून आणत होती.

"मला आबा इथे पाहिजे," ती म्हणाली. "आईला पाहिजे त्यापेक्षा जास्त पाहिजे. पण मला काय पाहिजे, हा प्रश्न नाही. नियम सगळ्यांचा आहे, पण तो फक्त आबाला थांबवतो. आणि वर लिहिलंय, आबाच्या पायांवर मत नाही. म्हणून नियम चालणार नाही." मग तिनं डचमध्ये काहीतरी म्हटलं, अगदी हळू. शेवटचा शब्द 'सॉरी' होता, आणि ती आईकडे बघत होती.

उज्ज्वला उठून बंद दाराच्या खोलीत गेली. तिचा तास होता, कोणी विचारलं नाही. सर खुर्चीची कड धरून उठले. "मंजूर," म्हणाले. जन्मभर जे शिकवलं ते कोणीतरी खरंच शिकलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याचं त्यांना किती दुःख झालं होतं, तेही दिसत होतं. मग स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी चहा सरांनीच केला आणि सरांनीच ओतला. हरकत कोणी घेतली नाही.

ते गेले त्या सकाळी आयसेलवर दाट धुकं होतं. मास्क, माकडटोपी, मधे फक्त चष्मा. मैत्रेयीनं बॅग धरू का विचारलं, तर बॅग दिली, हात दिला नाही. "पायानं," म्हणाले. गॅलरीच्या टोकाला, लिफ्टच्या दारापाशी, धुक्यात ते एकदा वळले. मग त्यांची चप्पल वाजत राहिली आणि तीही थांबली.

नागपूरहून ते दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे. आधी काही बोलणं नाही, हालहवाल नाही. फोन खाली वळवायचे आणि स्वतःचे पाय दाखवायचे. शहाबादी फरशीवरचे भेगाळलेले, मोज्यांशिवायचे पाय. खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून फाटकापर्यंत, परत. "आदेशाचं पालन चालू आहे, न्यायाधीश महाराज." मैत्रेयी गंभीरपणे म्हणायची, "नोटेड." उज्ज्वला त्या वेळी हटकून भांडी घासायला घ्यायची. निकालाबद्दल ती मुलीशी एक अक्षर बोलली नव्हती. तळाशी कोरी जागा असलेला तो कागद फ्रिजवरून तिनं काढला मात्र नाही.

पुढच्या वसंतात नागपूरहून वाईट बातम्या यायला लागल्या, आणि एक दिवस सरांना ताप आला. दवाखान्यात जागा नव्हती. घरातच खाट टाकली, ऑक्सिजनची टाकी कुठूनशी मिळाली. शेजारच्या शकूताई तोंडाला दुहेरी फडकं बांधून त्यांच्याजवळ बसत.

तो रविवारच होता. मी गॅलरीत होते आणि उज्ज्वलाच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. फोन मैत्रेयीच्या हातात, मागे उज्ज्वला, नितीन. पडद्यावर सरांचं तोंड ऑक्सिजनच्या मास्कनं झाकलेलं. त्यांना बोलता येत नव्हतं. ते हातानं काहीतरी दाखवत होते, खाली, पुन्हा पुन्हा.

"काय पाह्यजे सर? पांघरूण? पाणी?" शकूताई विचारत होत्या.

सर मान हलवत होते, नाही, नाही.

मैत्रेयी काही म्हणणार, इतक्यात मागून उज्ज्वला बोलली. "पाय," ती म्हणाली. "शकूताई, फोन खाली करा. त्यांना माझ्या मुलीला पाय दाखवायचेत."

शकूताईंनी चादर बाजूला केली आणि फोन वळवला. चित्र क्षणभर हललं, मग स्थिर झालं. खिडकीतून येणाऱ्या नागपूरच्या उन्हात दोन भेगाळलेले पाय होते. त्यांचे अंगठे हलत होते.

"नोटेड, आबा," मैत्रेयी म्हणाली. उज्ज्वलानं मागून दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि पडदा काळा झाल्यावरही काढले नाहीत.